पिवळी पेटी

सुसेन सर्कलच्या अलीकडेच गाडी डावीकडे ओढायला लागली.
कळलं, बसलं.
रेसकोर्सवरच्या शोरूमचा मुलगा फोनवर म्हणाला,
काका, चारही बदलून घ्या, सेफ्टीचा प्रश्न आहे,
हप्ते पाडून देतो.
चार वर्षांचं टायर. नक्षी अजून नखाला लागते.
म्हटलं, बघतो.

पौलोसचं दुकान म्हणजे एक कंप्रेसर, एक कडुनिंब
आणि पत्र्याच्या हौदात तेलाचा तवंग आलेलं पाणी.
तो कोट्टयमहून आला सत्त्याऐंशी साली.
माझे पणजोबा साताऱ्याहून कधी आले, कुणी लिहून ठेवलं नाही.
आम्ही दोघं एकमेकांशी जी गुजराती बोलतो
ती दोघांच्याही घरात कुणी बोलत नाही.

चाक काढलं, हौदात बुडवलं,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसं हळू फिरवलं.
एका जागेवरून बुडबुडे वर येत राहिले, बारीक, न थांबता,
कुणी कानात चाडी सांगावी तसे.
तिथं खडूची फुली.
पक्कड लावून त्यानं उपटला, लुंगीला पुसला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.

स्क्रू. दीड इंची, जस्ताचा मुलामा.
डोक्यावर दोन रेघा, मधे ठिपका.

हा शिक्का मी ओळखतो.
मकरपुरा जीआयडीसी, तिसरी गल्ली, एकवीस वर्षं,
तपासणीच्या टेबलावर मी.
उजवीकडे हिरवी पेटी: पास.
डावीकडे लाल: भंगार.
आणि पायाशी एक पिवळी,
दुरुस्त करून पुन्हा तपासा, असं तिच्यावर रंगवलेलं.
तिच्यात आम्ही चपला ठेवायचो.
शहाशेठ म्हणायचे, दुरुस्तीला माणूस लागतो,
नवा पाडायला मशीन आहे.
मलाही ते पटायचं. पटायचं म्हणजे,
पाचला साडेसात मिनिटं असताना काय पटणार नाही?

चष्मा कपाळावर घेऊन आटे पाहिले.
धार शाबूत. डोकं सरळ.
ट्रकभर रबर, डांबर, वाळू सोसून
हा अजून पास.
‘माल चांगला होता,’ मी मराठीत म्हणालो.
‘शुं?’
‘काही नाही.’

पौलोसनं भोकात कानस घातली, आतबाहेर,
जखम आधी मोठी करावी लागते म्हणे.
मग काकवीच्या रंगाची चिकट दोरी सुईत ओवून,
गुडघा टेकवून, दात आवळून आत दाबली.
सुई झटक्यात बाहेर. दोरीचे दोन शेपट्या मागे राहिल्या,
त्या त्यानं ब्लेडनं कापल्या, अगदी मुळातून नाही.
हवा भरली. वर बोटानं थुंकी लावली.
पाण्याचा हौद शेजारी असून शेवटचा भरवसा थुंकीवर.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
काही फुगलं नाही.

‘किती चालेल?’
‘टायर चाले त्यां सुधी, साहेब.’
शंभर रुपये.

फळीवर मुरंब्याची बरणी, त्यात खिळे, चुका, ब्लेडचे तुकडे,
त्यानं वर्षानुवर्षं उपटलेले.
मी झाकण काढून बोटानं चाळलं.
आमचे आणखी तीन निघाले.
चौथा त्याला दिला नाही. खिशात टाकला.

निघालो तर चाकातून आवाज. टक्. टक्. टक्.
कापून उरलेलं दोरीचं टोक रस्त्याला लागत होतं.
दोन किलोमीटर, मग घासून जाईल, तो म्हणाला होता.
रेडिओ बंद केला. काच खाली घेतली.
लालबागच्या पुलावर मागचे हॉर्न देत होते
आणि मी तिशीच्या वेगानं कान लावून.

न्यायमंदिराच्या सिग्नलला थांबलो, तेवढ्यात शोरूमचा फोन.
काका, मग काय ठरलं?
दिवा सुटला. गाडी हलली.
आता आवाज होता की नव्हता,
नीट समजेना.
म्हटलं, थांब रे जरा,
ऐकतोय.